जुन्या मिथेन-पाझरातला नवा शंख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाझराच्या दगडांतून शंख मोकळे करणं हे माझं रोजचं काम. ते ऐकून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. बरेचसे प्रश्न लग्नाच्या पंगतीत किंवा रेल्वेत समोरच्या बाकावरून आलेले आहेत, त्यामुळे त्यांना क्रम असा नाही. प्रजातींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. अधिकृत नाव मात्र रोमन अक्षरांतच असावं लागतं, तसा नियम आहे.

पाझर म्हणजे काय?

इंग्रजीत याला 'कोल्ड सीप' म्हणतात. हिंदीतल्या सीपशी, म्हणजे शिंपल्याशी, त्याचा काही संबंध नाही. पण तिथे शिंपल्यांचे ढीग असतात, हा योगायोग मला आवडतो.

समुद्रतळाखालच्या गाळात मिथेन साठतो. गोबर गॅसच्या टाकीत असतो तोच वायू. तो भेगांमधून हळूहळू वर येतो. 'कोल्ड' एवढ्यासाठी की हे पाणी आसपासच्या समुद्राइतकंच थंड असतं, ज्वालामुखीजवळच्या उष्ण झऱ्यांसारखं तापलेलं नसतं. गाळात ऑक्सिजन नसतो, आणि अशा जागी दोन प्रकारचे सूक्ष्मजीव जोडीने राहतात. आर्किया मिथेन वापरतात, त्यांचे शेजारी जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. या संसारातून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो. दुसरी बायकार्बोनेट. सल्फाइडवर आणखी जिवाणू जगतात, त्यांच्या थरावर शंख चरतात, आणि काही शिंपले तर जिवाणूंना आपल्या कल्ल्यांतच थारा देतात. बायकार्बोनेट मात्र पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून जागच्या जागी चुनखडक होतो. जी प्रक्रिया वस्तीला जेवू घालते, तीच तिला दगडात बंद करून ठेवते. जीवाश्म शोधणाऱ्यांची याहून चांगली सोय कुणी केली नसती.

आज कोरड्या डोंगरात असलेला दगड एके काळी पाझर होता, हे कशावरून?

आधी नजरेवरून. भोवती मैलोन्‌मैल काळसर चिखलाचा खडक, त्यात शंखशिंपले जवळजवळ नाहीतच. आणि मध्येच चुनखडकाचा एक एकटा ढेकूळ, शिंपल्यांनी खच्चून भरलेला. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या प्वेब्लोजवळ असे शंकूसारखे उंचवटे आहेत. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि चुनखडकाचे गाभे उभे राहिले. १८९५ साली गिल्बर्ट आणि गलिव्हर या भूशास्त्रज्ञांनी त्यांना 'टीपी ब्यूट्स' म्हटलं, कारण ते मूळ अमेरिकनांच्या टीपी तंबूंसारखे दिसतात. वर्णन चोख केलं. पण असं का झालं असावं हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता, कारण पाझर नावाची गोष्ट तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. १९८४ मध्ये 'अल्विन' या पाणबुडीतून मेक्सिकोच्या आखातात फ्लोरिडाच्या उतारापाशी, तीन किलोमीटरहून जास्त खोलीवर, पहिली जिवंत वस्ती दिसली. मग लोक आपापल्या जुन्या दगडांकडे परत गेले.

नजरेनंतर रसायनशास्त्र. कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, आहेत, १२ आणि १३. मिथेनमध्ये हलका कार्बन-१२ खूप जास्त असतो. दगडातला कार्बन-१३ एका ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त आहे ते मोजतात. साध्या सागरी चुनखडकात हा आकडा शून्याच्या आसपास येतो. मिथेनपासून बनलेल्या चुनखडकात उणे २० ते उणे ५० प्रति हजार, कधी त्याहूनही खाली. दंतवैद्याच्या ड्रिलने चिमूटभर पूड काढली की पुरते. आकडा एवढा खाली गेला की वाद सहसा संपतो.

नवी प्रजाती सापडते तेव्हा शोधणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं का?

नाही. डोंगरात फक्त दगड सापडतो. प्रजाती सापडते ती टेबलावर, आणि पुष्कळदा संग्रहालयाच्या खणात, कुणीतरी कधीतरी आणून ठेवलेल्या पेटीत.

जिवंत प्राण्यांचीही हीच गत. हिंदी महासागराच्या उष्ण झऱ्यांवरची ती प्रसिद्ध गोगलगाय, जिच्या पायावर लोहाचा अंश असलेले खवले आहेत, ती २००१ साली सापडली. जगभर तिचे फोटो छापून आले. 'क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम' हे रीतसर वर्णनासह नाव तिला २०१५ मध्ये मिळालं. चौदा वर्षं ती सगळ्यांना माहीत होती, पण नियमांच्या दृष्टीने बिननावाची.

दगडातून शंख बाहेर कसा काढता? ॲसिडमध्ये बुडवून?

हा प्रश्न रसायनशास्त्र शिकलेले लोक हमखास विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. पण शंखही कॅल्शियम कार्बोनेट आणि दगडही कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड दोघांनाही खातं. काही ठिकाणी शंखाची जागा नंतर सिलिकाने घेतलेली असते. तिथे ॲसिड चालतं आणि शंख चाळणीत सुटा मिळतो. असं नशीब क्वचित.

एरवी हातानेच. आधी हातोडा आणि छिन्नी, आणि बरेचदा दगड शंखाच्या कडेनेच फुटतो. मग एअर स्क्राइब: हवेच्या दाबावर थरथरणारी पेनाएवढी छिन्नी. दिवसभर वापरली की संध्याकाळी चहाचा कप धरताना बोटं थरथरतात. मग मायक्रोस्कोपखाली सुई. कणाकणाने. शंखाची भिंत आणि भोवतालचा चुना यांच्या रंगात थोडा जरी फरक असेल तर काम सुखाचं होतं. दोन्ही एकाच राखाडी रंगाचे असले की अंदाजावर चालायचं. सीटी स्कॅन आहे, पण दोन्हींची घनता सारखीच असेल तर त्यालाही वेगळं दिसत नाही.

एकदा एका पाऊण सेंटीमीटरच्या शंखावर दोन दिवस घालवले. शेवटच्या टोचणीत टोक उडालं. टेबल, मांडी, फरशी, सगळं ओल्या ब्रशने झाडून बघितलं. मिळाली ती नुसती वाळू. टोक जाणं म्हणजे काय, ते पुढच्या उत्तरात.

एवढ्याशा टोकाचं एवढं कौतुक का?

कारण बाकीचा शंख खोटं बोलतो.

शंख टोकाकडून वाढत जातो. प्राणी आयुष्यभर तोंडाच्या कडेला नवा चुना लावत राहतो, जुनं काही टाकून देत नाही. त्यामुळे अगदी टोकाशी, पुष्कळदा एका मिलिमीटरच्याही आत, तो अंड्यात आणि अळी असताना बनवलेला शंख असतो. त्याला प्रोटोकाँच म्हणतात. ढोबळमानाने, टोक लहान आणि त्याला बारीक वेटोळी पुष्कळ असतील, तर अळी समुद्रात तरंगत, खात-पीत दूरवर गेली. टोक जाड, फुगीर आणि वेटोळी एक-दोनच असतील, तर पिल्लू आईने दिलेल्या शिदोरीवर, म्हणजे पिवळ्या बलकावर, वाढलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोगलगाईचं बालपण एवढ्याशा जागेत लिहून ठेवलेलं असतं.

मोठेपणीचा शंख मात्र परिस्थितीप्रमाणे घडतो. उंच, शंकूसारखा, आडव्या-उभ्या बरगड्यांचा शंख एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या कितीतरी कुळांनी आपापला बनवलेला आहे. पाझरातले छोटे शंख बघून आधी कुणी एका कुळात टाकले, नंतर कुणी दुसऱ्या. वाद टोकावर येऊन सुटतो, टोक असेल तर.

माझं आवडतं उदाहरण जपानचं आहे. उत्तरेच्या होक्काइडो बेटावर क्रिटेशस काळातले पाझर आहेत. नाकागावा गावाजवळचा ओमागारी हा त्यांतला एक नावाजलेला. आजच्या खोल समुद्रातल्या पाझरांवर प्रोव्हान्ना नावाचे लहानसे शंख राहतात, बहुतेक दीड-दोन सेंटीमीटरच्या आतले. त्यांची एक खोड आहे. प्राणी वाढतो तसा आतून टोकाची वाट चुन्याने बंद करतो, आणि पुढचं टोक गळून पडतं. होक्काइडोच्या दगडांतल्या शंखांचीही टोकं अशी बारकाईने तपासली गेली, आणि २००८ मध्ये काइम, जेनकिन्स आणि वारेन या तिघा संशोधकांनी प्रोव्हान्ना ताप्पुएन्सिस आणि देब्रुयेरेसिया कानाजिरिसावेन्सिस या दोन नव्या प्रजाती त्याच कुळात ठेवल्या. म्हणजे आजचं हे कूळ डायनोसॉर जमिनीवर असतानाही पाझरांवर होतं. त्याच निबंधात त्यांनी दुसरे काही शंख प्रोव्हान्नासारखे दिसत असूनही बाजूला काढले आणि त्यांच्यासाठी होक्काइडोकाँका हा नवा वंश, म्हणजे प्रजातीच्या वरची पातळी, आणि एक नवं कूळही केलं. दिसतं सारखं म्हणून एकत्र टाकलं नाही. ही सावधगिरी मला त्या निबंधातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

होक्काइडोचीच आणखी एक गंमत. त्याच वर्षी प्लेसिओसॉर या लांब मानेच्या सागरी सरीसृपांच्या हाडांपाशी या कुळातले शंख सापडल्याचं प्रसिद्ध झालं. समुद्रात मेलेल्या मोठ्या प्राण्याची हाडं कुजतानाही सल्फाइड सुटतं, आणि शंखांना सल्फाइडवरचे जिवाणू मिळाले की पुरे. ते मिथेनमुळे आलं की मढ्यामुळे, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

टोक नसेल तर प्रजाती जाहीर करताच येत नाही का?

येते. केली जाते. बाकीची लक्षणं पुरेशी वेगळी असली तर कुणी अडवत नाही. पण वंश किंवा कूळ सांगताना पुढे प्रश्नचिन्ह टाकावं लागतं, आणि मला विचाराल तर ते प्रश्नचिन्ह छापायला लाजू नये. शंखाची भिंत विरघळून नुसता आतला दगडी साचा उरला असेल तर मात्र नाव देण्याच्या भरीस पडू नये.

एकच नमुना पुरतो?

नियमाने, हो. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते की १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी नमुनेदार प्रत स्पष्टपणे ठरवलेली हवी, आणि ती कुठल्या संग्रहात ठेवली ते लिहिलेलं हवं. एकच प्रत निवडली तर तिला होलोटाइप म्हणतात. नाव कायमचं त्या प्रतीला बांधलेलं असतं. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या वीस शंखांत दोन प्रजाती मिसळल्यात, तर नाव होलोटाइपसोबत जातं, बाकीच्यांना नवं घर शोधावं लागतं.

नियम काही म्हणो, एकाच शंखावर मला झोप लागत नाही. माणसांत जाडे-बारीक असतात तसे शंखांतही असतात. दहा-पंधरा तरी समोर मांडल्याशिवाय बरगड्यांची संख्या हा प्रजातीचा गुण आहे की त्या एका प्राण्याचा, हे कसं सांगणार?

फोटोत सगळे जीवाश्म पांढरे का असतात?

कारण त्यांच्यावर नवसागर चढवलेला असतो. तोच, कल्हईवाल्याचा. दारात भट्टी लावून तो तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. इथे नवसागर काचेच्या नळीत घालून तापवतात आणि येणारा धूर फुंकून शंखावर बसवतात. डागाळलेला, चट्ट्यापट्ट्यांचा दगड एकसारखा मंद पांढरा होतो आणि बारीकातली बारीक बरगडी उठून दिसते. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने सोडायचा, ही जुनी रीत; सगळ्यांनी ती पाळली की खळगा कुठला आणि उंचवटा कुठला यात गोंधळ होत नाही. फोटो झाल्यावर पाण्याने धुऊन टाकायचा. पावसाळ्यात याचा फार ताप होतो: हवेतल्या दमटपणाने नवसागर पाणी धरतो आणि मिनिटाभरात शंखावर साखर सांडल्यासारखी दिसते.

टोकासाठी एवढ्याने भागत नाही, तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो.

वर्णनात काय लिहितात? सामान्य माणसाला ते वाचता येतं का?

वाचता येतं, आवडेलच असं नाही. भाषा पंचनाम्याची असते. क्रियापदं गाळलेली. 'शंख लहान, उंच, वेटोळी पाच, फुगीर, शिवण खोल, उभ्या बरगड्या शेवटच्या वेटोळ्यावर अठरा, आडव्या रेघा त्यांना छेदून जातात तिथे बारीक गाठी, मुख लंबगोल.' हा नमुना मी इथल्यापुरता रचलाय. शिवण म्हणजे दोन वेटोळी जुळतात ती रेघ. सोबत उंची-रुंदीचं कोष्टक, सापडल्याचं ठिकाण, थराचं वय.

खरा जीव पुढच्या परिच्छेदात असतो, जिथे ही प्रजाती जवळच्या प्रजातींपेक्षा कशी वेगळी ते लिहितात. तो लिहायला बाकी सगळ्याहून जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची वर्णनंही चाळावी लागतात. अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ टी. डब्ल्यू. स्टँटन यांनी १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉक्सव्हिल थरांतले जीवाश्म वर्णिले. त्यांतले काही चुनखडक पुढे पाझराचे निघाले. त्यांचे शंख न बघता कॅलिफोर्नियाच्या पाझरातली 'नवी' प्रजाती जाहीर करणं म्हणजे आधीच छापलेल्या पत्रिकेवर नवं नाव चिकटवणं. आधीचं नाव तेच खरं, हा नियम आहे. मोजणी १७५८ पासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून.

नाव कसं ठेवतात? माझं नाव देता येईल का?

वर्णन करणारा ठेवतो. गावावरून ठेवलं की शेवटी बहुधा 'एन्सिस' येतं, म्हणून होक्काइडोतल्या ताप्पूचं ताप्पुएन्सिस. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी 'आय', स्त्रीच्या नावावरून 'एई'. गुणावरूनही चालतं: वॉशिंग्टन राज्यातल्या पाझरांतली प्रोव्हान्ना अँटिक्वा, म्हणजे प्राचीन, हे नाव १९९५ चं. विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजी लेखक इथे अडखळतात. आपण 'जुना शंख, जुनी शिंपली, जुनं कवच' म्हणत मोठे झालेलो असतो, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावावं लागत नाही. प्रोव्हान्ना स्त्रीलिंगी, म्हणून अँटिक्वा.

गंमतही चालते. उष्ण झऱ्यांवरच्या एका काटेरी शंखाला २०१४ मध्ये एका ब्रिटिश पंक गायकाचं नाव मिळालं, काट्यांमुळेच. स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला देऊ नये असा संकेत आहे. तुमचं नाव हवं असेल तर चांगला दगड शोधून द्या आणि वाट बघा.

नाव अधिकृत कधी होतं?

छापून आल्यावर. तोवर पाटीवर किंवा भाषणात काहीही लिहा-बोला, त्याला किंमत नाही. २०१२ पासून निव्वळ ऑनलाइन नियतकालिकही चालतं, पण मग झूबँक या नोंदवहीत आधी नोंद हवी.

चूक निघाली तर?

निघतेच. तीच प्रजाती आधी कुणी नोंदवलेली असेल तर तुमचं नाव जुन्याच्या खाली समानार्थी म्हणून जातं. वंश बदलला तर मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. कंस दिसला की समजायचं, या शंखाने घर बदललंय.

पदवी नसलेल्या हौशी माणसाला यात काही करता येतं?

पुष्कळ. वॉशिंग्टन राज्याच्या नैर्ऋत्येचे इओसीन काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे, पाझर १९९० मध्ये जगापुढे आले ते गोडर्ट आणि स्क्वायर्स यांच्या निबंधातून. त्यातले जेम्स गोडर्ट हे हौशी संग्राहक म्हणूनच ओळखले जातात.

महाराष्ट्रात असे शंख मिळतील का?

आपल्या बहुतेक भागावर बेसॉल्टचा जाड थर आहे, लाव्हाचा. त्यात पाझर असण्याचा प्रश्न नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात शंख आहेत, नागपूरजवळच्या टाकळीचे प्रसिद्धच आहेत. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात ते गोळा केले. पण फायसा प्रिन्सेपी आणि तिचे शेजारी गोड्या पाण्यातले, तळ्याकाठचे. समुद्राशी त्यांचा संबंध नाही.

पाझर हवे असतील तर बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी जिथे गाळ नेऊन टाकते, तिथेच. २००६ मध्ये तिथे मिथेन हायड्रेटचे, म्हणजे बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेल्या मिथेनचे, साठे खोदून तपासले गेले. गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याच खोऱ्यात गाळाच्या नळीतून जुन्या पाझराचे पुरावे, शिंपल्यांचे अवशेष आणि मिथेनपासून बनलेला चुना, काढले आणि २००९ साली प्रसिद्ध केले. नंतर त्यांना तिथे चालू पाझरही सापडला.

देवघरातला शाळिग्राम म्हणजे असाच शंख ना?

नाही, तो अमोनाइट, माकुलांच्या नात्यातला. आत पडदे घालून कप्पे केलेले असतात. गोगलगाईच्या शंखात सहसा टोकापासून तोंडापर्यंत एकच मोकळी वाट असते.

मला असा दगड सापडलाय. फोडून बघू?

नका. आणि घासून चमकवू तर अजिबातच नका. कुठे सापडला ते आधी लिहा: गाव, ओढा, कुठल्या काठाला, थरातून काढला की खाली पडलेला मिळाला. फोनमधलं लोकेशन टिपा, पण कागदावरही लिहा, पेन्सिलने, आणि चिठ्ठी दगडासोबतच ठेवा. माझ्याकडे एक पेटी आहे. आत अखंड टोकाचे अकरा शंख, इतके सुंदर की हात लावायला भीती वाटते. चिठ्ठी शाईने लिहिलेली होती आणि तिला पाणी लागलं. त्यांचं वर्णन मी करू शकत नाही, कारण ते कुठल्या डोंगरातले हे आता कुणालाच सांगता येत नाही.